टिळक आणि मोक्षमूलर: तीन पत्रांच्या मैत्रीची पार्श्वभूमी

तापी आणि पूर्णा जिथे मिळतात तिथे, मुक्ताईनगर तालुक्यात, चांगदेव नावाचे गाव आहे. चौदाशे वर्षे जगलेला योगी चांगदेव ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसला आणि पहिल्याच ओळीला अडला, ही कथा इथल्या पोरासोरांनाही ठाऊक असते. वयाने धाकटा म्हणून ‘चिरंजीव’ लिहावे, तर समोरचा ज्ञानाने थोर. ‘तीर्थरूप’ लिहावे, तर आपले वय आड येते. शेवटी त्याने कोराच कागद धाडला. उत्तरादाखल ज्ञानेश्वरांनी ज्या पासष्ट ओव्या पाठवल्या ती चांगदेवपासष्टी. कथेतला चमत्कार बाजूला ठेवला तरी अडचण खरी आहे, आणि ती लेखनिकाची अडचण आहे: मायना काय लिहायचा?

विद्वान आणि राजकारणी यांच्या पत्रमैत्रीचा विचार करताना हाच प्रश्न आधी येतो. जुन्या मराठी पत्रात माणसाची पायरी मायन्यातच ठरून जाई. वैदिकाला किंवा शास्त्र्याला ‘वेदशास्त्रसंपन्न राजश्री’, सरदाराला ‘अखंडितलक्ष्मीअलंकृत राजमान्य राजश्री’, मुलाला किंवा मुलासारख्याला ‘चिरंजीव’. खाली ‘आशीर्वाद’ आहे, ‘नमस्कार’ आहे की ‘दंडवत’, यावरून लिहिणारा वर बसला आहे की खाली ते कळते. मजकूर संपताना ‘बहुत काय लिहिणे, लोभ असू द्यावा, हे विनंती’. या चौकटीत शास्त्री आणि मुत्सद्दी एकमेकांना लिहीत आणि खूप लिहीत, पण त्यात बहुधा एक देणारा आणि एक घेणारा असे. वर्षासन, इनाम, मुहूर्त, धर्मनिर्णय हे विषय. निव्वळ मतभेदासाठी कोणी जासूद धाडत नसे.

चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख या नात्याचा चांगला नमुना आहे. भास्कराचार्यांचा नातू, यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी, त्याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी इथे मठ काढला. त्याचेही नाव चांगदेवच; संगमावरचा चांगदेव वेगळा, दोघांची गल्लत करू नये. निकुंभ घराण्यातल्या सोइदेव-हेमाडिदेवांच्या आश्रयाने मठाला उत्पन्न लावून दिले गेले. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणलेल्या या लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे, आणि त्यात पाटणच्या बाजारात जो माल उघडेल त्यावरचा राजाचा वाटा मठाला दिल्याची नोंद आहे. गणिताच्या अभ्यासाला बाजारपेठेचा कर, असा हा रोकडा व्यवहार. यात आदर आहे, आश्रय आहे, पण याला मैत्री म्हणणे कठीण.

टिळक आणि वेदांचा अभ्यासक मॅक्स म्युलर (‘मोक्षमूलर’ हे त्याचेच संस्कृत नाव) यांचे नाते वेगळे ठरते ते इथे. दोघांनी एकमेकांना कधी पाहिले नाही. एकाकडून दुसऱ्याला जहागीर मिळणार नव्हती. इंग्रजी पत्राचा मायनाही सपाट. त्यात वेदशास्त्रसंपन्न नाही, अखंडितलक्ष्मी नाही. चांगदेवाला जो पेच पडला तो या दोघांना पडायचे कारण नव्हते.

दोघे कोण, कुठे होते

फ्रीड्रिख मॅक्स म्युलर जन्माने जर्मन, डेसाऊ गावचा, जन्म ६ डिसेंबर १८२३. १८४६ मध्ये इंग्लंडला आला आणि तिथलाच, ऑक्सफर्डचा प्राध्यापक, झाला. सायणभाष्यासह ऋग्वेद छापण्याचे काम ईस्ट इंडिया कंपनीने खर्च उचलल्यामुळे उभे राहिले. पहिली आवृत्ती सहा खंडांत, १८४९ ते १८७४. दुसरी चार खंडांत, १८९० ते १८९२. तिचा खर्च विजयनगरमच्या महाराजांनी केला. ग्रंथावर संस्कृतात त्याने आपले नाव ‘भट्ट मोक्षमूलर’ असे घातले. जन्मभर वेदांवर काम करणारा हा माणूस हिंदुस्थानात एकदाही आला नाही.

मुत्सद्द्यांशी पत्रमैत्री हा त्याच्या आयुष्याचा जुना भाग होता. लंडनमधला प्रशियाचा वकील बुन्सेन हा स्वतः अभ्यासू होता. कंपनीकडे ऋग्वेदाच्या छपाईसाठी शब्द टाकणाऱ्यांत तो प्रमुख. त्याची १८४८ ते १८५९ या काळातली पत्रे मॅक्स म्युलरने पुढे आपल्या लेखसंग्रहाच्या एका खंडात छापली. छापली ती बुन्सेनची पत्रे, स्वतःची नाहीत. ही एकतर्फी गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुढे टिळकांच्या बाबतीत बाजू उलटी होते.

१८९६ मध्ये मॅक्स म्युलर प्रिव्ही कौन्सिलर झाला, म्हणजे राणीच्या सल्लागार मंडळाचा सभासद. मान मोठा, आणि राजनिष्ठेची शपथ घेतलेला. दोनच वर्षांनी त्याने राजद्रोहाच्या कैद्यासाठी सही केली, तिचे वजन यावरून मोजावे.

टिळक त्याच्याहून जवळजवळ तेहतीस वर्षांनी धाकटे, जन्म २३ जुलै १८५६. त्यांना इथे ‘राजकारणी’ म्हटले आहे, पण पत्रांतले टिळक ‘ओरायन’चे लेखक आहेत. वेदकालनिर्णयावरच्या या पुस्तकाचा सारांश १८९२ मध्ये लंडनच्या प्राच्यविद्या परिषदेसाठी गेला आणि पुस्तक १८९३ मध्ये निघाले. त्याच सुमाराला जर्मनीत याकोबीने स्वतंत्रपणे तसाच निष्कर्ष काढला होता. व्हिएन्नाचा ब्यूलर या मताकडे झुकला, अमेरिकेत व्हिटनीने झोडपले. म्हणजे तुरुंगात जाण्याच्या चार वर्षे आधीच टिळकांचे नाव युरोपातल्या संस्कृतज्ञांच्या टेबलावर होते. हे नसते तर पुढचे काहीच घडले नसते.

१८९७ ची शिक्षा

पुण्यात प्लेगचा बंदोबस्त, २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर गोळ्या, ३ जुलैला त्याचा मृत्यू. १५ जूनच्या ‘केसरी’तला शिवराज्याभिषेकोत्सवाचा मजकूर धरून टिळकांवर राजद्रोहाच्या कलम १२४ अ खाली खटला, अटक २७ जुलैला. मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती स्ट्रेची, नऊ जणांची ज्युरी. सहा युरोपियनांनी दोषी म्हटले, तीन हिंदी सभासदांनी निर्दोष. १४ सप्टेंबरला दीड वर्षाची सक्तमजुरी. डोंगरी, मग भायखळा, मग येरवडा.

पूर्ण शिक्षा भोगली असती तर सुटका मार्च १८९९ च्या आसपास झाली असती. ती झाली ६ सप्टेंबर १८९८ ला, म्हणजे सहा महिने आधी. मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या आणि सांगताना लोक त्या एकात एक मिसळतात. एक ग्रंथाची भेट, दुसरा अर्ज.

मॅक्स म्युलरने आपल्या ऋग्वेदाची दुसरी आवृत्ती टिळकांना पाठवली. सरकारने ती तुरुंगात वापरू दिली आणि रात्री काही तास दिवा ठेवायचीही मुभा दिली. ‘आर्क्टिक होम’मध्ये, म्हणजे आर्यांचे मूळ घर ध्रुवप्रदेशात होते असे मांडणाऱ्या टिळकांच्या पुढच्या पुस्तकात, जी ऋग्वेदवचने आहेत ती या मोकळ्या वेळात जमवली, असे टिळकांनी त्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवले आहे. दिव्याचा उल्लेख वरवर किरकोळ वाटतो. पण सक्तमजुरीच्या कैद्याचा दिवस कामात जातो, संध्याकाळी कोठडी बंद होते. दिवा नसेल तर चार खंड असून नसून सारखेच. पुस्तकाइतकीच ही सवलत मोलाची होती, आणि ती देणे सरकारच्याच हातात होते.

अर्ज ही वेगळी बाब. टिळकांना दया दाखवावी अशा विनंतीअर्जावर मॅक्स म्युलर, सर विल्यम हंटर, दादाभाई नौरोजी, रमेशचंद्र दत्त अशांच्या सह्या होत्या. सुटकेला अटी लागल्या: स्वागत-सत्काराचे समारंभ नकोत, आणि पुन्हा राजद्रोहाची शिक्षा झाली तर उरलेले सहा महिनेही भोगावे लागतील. आपली सुटका मुख्यतः मॅक्स म्युलरच्या कृपेने आणि हिंदी वृत्तपत्रांच्या पाठबळाने झाली, असे टिळकांनीच म्हटले आहे. या वाक्यातला ‘मुख्यतः’ आणि त्यामागची वृत्तपत्रे, हे दोन्ही भाषणांतून गळते.

तीन पत्रे

‘आर्क्टिक होम’च्या प्रस्तावनेवर मार्च १९०३ ची तारीख आहे. तिच्यातून पत्रव्यवहार असा दिसतो.

पहिले पत्र टिळकांचे, सुटकेनंतर मॅक्स म्युलरला लिहिलेले अगदी पहिले. त्यात आभार आणि आर्यांच्या मूळ स्थानाविषयीच्या नव्या सिद्धान्ताचा थोडक्यात आराखडा. दुसरे मॅक्स म्युलरचे उत्तर: वेदवचनांचे तुम्ही लावलेले अर्थ संभवनीय आहेत, पण सिद्धान्त भूगर्भशास्त्राने प्रस्थापित केलेल्या गोष्टींशी जुळत नाही. तिसरे पुन्हा टिळकांचे: त्या अंगाने विचार मी आधीच केला आहे, सगळा पुरावा लवकरच आपल्यापुढे ठेवतो. तो ठेवायच्या आत २८ ऑक्टोबर १९०० ला मॅक्स म्युलर वारला.

या तीन पत्रांचा पुरावा या नात्यातला सर्वांत भक्कम, पण तोही पत्रांचा नव्हे, पत्रांविषयीच्या उल्लेखाचा आहे. टिळकांनी चार वर्षांनी, एका ग्रंथाच्या प्रस्तावनेत, कृतज्ञतेच्या ओघात केलेला गोषवारा. त्यात तारखा नाहीत. समोरच्याचे वाक्य टिळकांच्या शब्दांत आले आहे. म्हणून त्याला खोटे म्हणायचे नाही. टिळकांसारखा काटेकोर वकील हयात नसलेल्या विरोधी साक्षीदाराची साक्ष आपल्या विरुद्ध जाते ती तशीच नोंदवतो, यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. फक्त अवतरणचिन्हे घालून ‘मॅक्स म्युलर म्हणाले’ असे लिहू नये.

आता मुदत मोजू. ६ सप्टेंबर १८९८ ते २८ ऑक्टोबर १९००, म्हणजे पंचवीस महिने बावीस दिवस. जवळजवळ ७८० दिवस. विलायती टपाल आठवड्यातून एकदा मुंबईहून आगबोटीने, सुएझमार्गे. पोचायला दोन-अडीच आठवडे. पत्र गेले आणि उलट टपाली उत्तर आले तरी पाच आठवडे लागणार. हिशेबाने एवढ्या काळात वीस-बावीस फेऱ्या बसल्या असत्या. प्रस्तावनेत दिसतो तो दीड फेरा. जास्त पत्रे झाली असतील किंवा नसतील. दीड फेऱ्यावर ‘प्रदीर्घ पत्रव्यवहार’ उभा करता येत नाही, आणि मैत्रीला प्रदीर्घ असण्याची गरजही नाही.

टपालखर्चाची गंमत अशी की याच काळात तो एकदम उतरला. साम्राज्याच्या मोठ्या भागात एक पेनीचा दर २५ डिसेंबर १८९८ पासून लागू झाला, आणि हिंदुस्थानातून इंग्लंडला अर्ध्या औंसाच्या पत्राला एक आणा पडू लागला. त्याआधी अडीच आणे लागत. अर्धा औंस म्हणजे सुमारे चौदा ग्रॅम, पातळ कागदाचे तीन-चार ताव. सिद्धान्ताचा ‘आराखडा’च का पाठवला, सगळा पुरावा का नाही, याचे एक कारण हे वजनही असू शकेल, पण मुख्य कारण हे की ‘आर्क्टिक होम’चा पहिला खर्डाच १८९८ च्या अखेरीस तयार झाला. देशात मात्र १८७९ पासून पैशाचे पोस्टकार्ड होते, आणि खानदेशातल्या जुन्या घरांत पोस्टकार्डांचे गठ्ठे का सापडतात याचे उत्तर त्या एका पैशात आहे.

भांडण कशावरून होते

मैत्री समजायची तर मतभेद समजला पाहिजे. तो लहान नव्हता. मॅक्स म्युलर ऋग्वेदाच्या सूक्तांचा काळ इसवी सनापूर्वी १२०० च्या आसपास धरी. टिळक ‘ओरायन’मध्ये इ. स. पू. ४००० वर गेले. दोघांत जवळजवळ तीन हजार वर्षांची दरी.

टिळकांचे गणित पंचांग वाचणाऱ्याला सहज कळते. मकरसंक्रांत आपण १४ जानेवारीला करतो, पण सूर्य खरा उत्तरेकडे वळतो २२ डिसेंबरला. हा फरक अयनचलनाचा. संपातबिंदू, म्हणजे दिवस-रात्र समान असताना सूर्य जिथे असतो ती जागा, नक्षत्रचक्रात मागे सरकतो, सुमारे बहात्तर वर्षांत एक अंश. एक नक्षत्र १३ अंश २० कलांचे, म्हणजे एक नक्षत्र मागे यायला साडेनऊशेच्या वर वर्षे. आज वसंतसंपात उत्तराभाद्रपदात आहे. ब्राह्मणग्रंथांच्या काळी तो कृत्तिकेत होता हे मान्य असेल तर काळ येतो इ. स. पू. २५०० च्या आतबाहेर. टिळकांचा दावा असा की सूक्तांत त्याहून जुन्या, मृगशीर्षात संपात असल्याच्या खुणा आहेत. मृग कृत्तिकेच्या पुढे दोन नक्षत्रे. दोन नक्षत्रांची वर्षे घाला, म्हणजे ४००० च्या जवळ पोचता.

गणित बरोबर आहे. चुकते ते गणिताच्या आधी: अमुक ऋचेत संपाताचा उल्लेख आहे, हे वाचनच वादाचे. रूपकाला निरीक्षण मानायचे की नाही? मॅक्स म्युलरची पद्धत शब्दांची, थरांची, एका वाङ्मयप्रकाराला अंदाजे दोनशे वर्षे देण्याची. त्याच्या दोनशे वर्षांनाही तसा आधार नव्हता. तो अंदाज होता, आणि पुढच्यांनी त्याला दगडावरची रेघ केले.

तुरुंगातून निघालेला दुसरा सिद्धान्त याहून पुढचा. ‘तानीदहानि बहुलान्यासन्’ या ऋचेत (ऋग्वेद ७.७६.३) उजाडल्यापासून सूर्य उगवेपर्यंत ‘पुष्कळ दिवस’ गेले असे टिळकांनी वाचले. तैत्तिरीय संहितेतल्या तीस उषांचा त्याला जोड दिला. इतकी लांब पहाट फक्त ध्रुवाजवळ होते. म्हणून वेदकर्त्यांच्या पूर्वजांचे घर उत्तर ध्रुवप्रदेशात, आणि हिमयुग आले तेव्हा ते सुटले. मॅक्स म्युलरने हरकत घेतली ती नेमकी इथे. हिमयुग संपून किती वर्षे झाली यावर तेव्हा भूगर्भशास्त्रज्ञांतच दोन तट होते. एक मत ऐंशी हजार वर्षांचे. अमेरिकन शास्त्रज्ञ नदीच्या धबधब्यांची झीज मोजून आठ-दहा हजारांवर येत. पहिले मत धरले तर टिळकांचा सिद्धान्त मुळातच कोसळतो, कारण ऐंशी हजार वर्षांची आठवण सूक्तांत राहणे अशक्य. टिळकांनी दुसरे धरले. छापील पुस्तकातले दुसरे प्रकरण पूर्णपणे हिमयुगाला वाहिलेले आहे.

हिमयुग सुमारे अकरा-बारा हजार वर्षांपूर्वी ओसरले, असे आजचे शास्त्र मानते. त्या एका मुद्द्यावर टिळकांनी निवडलेला तट खऱ्याच्या जवळचा निघाला. ध्रुवप्रदेशातल्या मूळ घराचा सिद्धान्त मात्र अभ्यासकांनी स्वीकारला नाही. या दोन गोष्टी एका दमात सांगाव्यात, एक सांगून दुसरी गाळू नये.

पत्र कोणाकडे असते

पत्रव्यवहार शोधणारा नवखा माणूस पहिली चूक करतो ती ही: टिळकांची पत्रे टिळकांच्या घरी शोधतो. पत्र लिहिणाऱ्याकडे राहत नाही, ते ज्याला लिहिले त्याच्याकडे जाते. टिळकांची पत्रे ऑक्सफर्डला गेली, मॅक्स म्युलरचे उत्तर पुण्याला आले. मॅक्स म्युलरच्या पत्नीने १९०२ मध्ये दोन खंडांत त्याचे चरित्र व पत्रे छापली, पण अशा संग्रहात संपादकाला जे हाताशी असते आणि दाखवावेसे वाटते तेच येते. एकाच बाजूची पत्रे वाचून मैत्रीचे माप काढले की ती हमखास एकीकडे कलते. बुन्सेनच्या पत्रांतून मॅक्स म्युलर सदा ऐकणारा दिसतो, टिळकांच्या प्रस्तावनेतून सदा उत्तर देणारा. माणूस एकच.

लिहिणाऱ्याकडे प्रत राहायची ती दोनच मार्गांनी. एक, खर्डा. दुसरा, कचेऱ्यांत वापरात असलेला नकलेचा दाबयंत्री मार्ग. पत्र विरघळणाऱ्या, जांभळट शाईने लिहायचे. पातळ झिरझिरीत कागदाच्या वहीचे पान ओलसर करायचे. त्यावर पत्र ठेवून लोखंडी स्क्रू-प्रेसमध्ये दाबायचे. शाई कागदात उतरते, अक्षर उलटे उमटते, पान पारदर्शक असल्याने मागून सुलटे वाचता येते. पान जास्त ओले झाले तर सगळे पसरते, कमी ओले झाले तर पुसट येते, आणि तिसरी नक्कल बहुधा वाचण्याजोगी निघत नाही. अशा वह्या सापडल्या तर पाण्याचा थेंब लागू देऊ नये आणि उन्हात धरू नयेत. ही शाई दोन्हींना घाबरते.

मोडी पत्रांची काजळाची शाई उलट स्वभावाची. उन्हाने ती उडत नाही, शतके काळी राहते. पण पाणी पडले की पुसली जाते. लोहयुक्त इंग्रजी शाई काळाने तपकिरी होते आणि जिथे जाड पडली तिथे कागदच खाते. खानदेशातला उन्हाळा पंचेचाळीस अंशांपर्यंत जातो, कागद पापडासारखा होतो, घडीवर तुटतो. तुटलेल्या घडीला सेलोटेप लावणे हा सर्वांत मोठा घात: पाच-दहा वर्षांत डिंक पिवळा होऊन अक्षरांत उतरतो आणि पट्टी निघून जाते. घड्या उलगडून, सपाट, न ब्लीच केलेल्या सुती कापडात, जमिनीपासून वर ठेवलेले कागद वाळवी आणि कसर यांपासून पुष्कळ वाचतात. आणि पाकीट फेकू नये. तारीख पुष्कळदा पत्रावर नसते, टपालाच्या शिक्क्यावर असते.

पत्राला पुरावा म्हणून वागवण्याची शिस्त खानदेशाला शिकवली ती इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी. टिळक सुटले त्याच १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ याचा पहिला खंड निघाला, पानिपताच्या आधीच्या दशकातल्या पत्रांचा. बखरीवर भिस्त ठेवू नका, अस्सल कागद पाहा, हा त्यांचा आग्रह. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यात वारले. दुसऱ्याच महिन्यात तिथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. धुळ्याच्याच शंकर श्रीकृष्ण देवांनी सत्कार्योत्तेजक सभेमार्फत रामदासी कागद जमवले ते त्याच्याही आधीपासून.

राजवाड्यांच्या हाताखालचा माणूस कागद हातात आल्यावर आधी मजकूर वाचत नसे, मिती लावत असे. शक असेल तर ७८ मिळवायचे, जानेवारी ते पाडवा या महिन्यांत ७९. सुहूर सन, म्हणजे जुन्या मराठी कागदांतली अरबी आकड्यांनी लिहिलेली कालगणना, मृगाला बदलतो, म्हणून मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि पुढे मृगापर्यंत ६००. उदाहरणार्थ ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे ११६१; जानेवारीतले पत्र असेल तर ते १७६१ चे, पानिपताच्या महिन्यातले. ५९९ च मिळवले तर पानिपत वर्षभर आधी होते, आणि अशा चुका छापून आलेल्या आहेत. चंद्राची तारीख ‘छ’ अक्षरानंतर येते. ती इंग्रजी तारखेशी एखाद्या दिवसाने हलते, तेव्हा वार दिला असेल तर वारावर जास्त विसंबावे. टिळक-मॅक्स म्युलर पत्रांना ही शिस्त लावली की तिथे मितीच नाही हे पहिल्या क्षणी डोळ्यांत भरते.

तुरुंगातल्या कागदाला आणखी एक अट लागते. तो अधिकाऱ्याच्या नजरेखालून गेलेला असतो, म्हणून त्यात जे लिहिलेले नाही त्यावरून काही सिद्ध होत नाही. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये विनोबांनी २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी एक, अशी गीतेवर अठरा प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. तिथे बोलणारा आणि लिहिणारा एकाच भिंतीआड होते. टिळक आणि मॅक्स म्युलर यांच्यामध्ये समुद्र होता, म्हणून जे काही झाले ते कागदावरच झाले.

साक्री तालुक्यातल्या पिंपळनेरला जन्मलेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आणि गांधी यांचे उदाहरण याच्या उलट. अस्पृश्यतानिवारणाला शास्त्राधार काय, यावर येरवड्यातच समोरासमोर चर्चा झाल्या. १६ जून १९३३ ला पुण्याच्या पर्णकुटीत देवदास गांधी आणि राजाजींची कन्या लक्ष्मी यांचा विवाह लक्ष्मणशास्त्र्यांनी लावला. विद्वान आणि राजकारणी दोघेही तितकेच खरे, पण भेटणे-बोलणे होते म्हणून या मैत्रीचा मोठा भाग कागदावर आलाच नाही. इतिहासकाराला न भेटलेली माणसे सोपी पडतात.

१ ऑगस्टला शाळाशाळांतून टिळकांवर भाषणे होतात आणि त्यांत मॅक्स म्युलर हटकून येतो. लिहून देणाऱ्या गुरुजींनी एवढे तपासून द्यावे. तो ‘जर्मनीहून’ मदतीला आला नाही. पन्नास वर्षे इंग्लंडात राहिलेला ऑक्सफर्डचा प्राध्यापक होता. सही करणारा तो एकटा नव्हता. टिळक ‘निर्दोष’ सुटले नाहीत, अटींवर सहा महिने आधी सुटले. ऋग्वेदाची भेट तुरुंगात पोचली ती सरकारच्या परवानगीने. ‘गीतारहस्य’ या तुरुंगातले नव्हे, मंडालेचे. तोवर मॅक्स म्युलर जाऊन दहा वर्षे झाली होती. आणि त्याने टिळकांचा सिद्धान्त मान्य केला असे कुठेच नाही. अर्थ संभवनीय, सिद्धान्त नाही, एवढेच त्याचे उत्तर होते, आणि ते टिळकांनी स्वतः छापले.